हुसामचा कॅमेरा

हुसाम, ऊन आणि धूळ कॅमेऱ्याला लागू नये म्हणून तू त्यावर आपली नमाजाची चटई टाकायचास. भर उन्हात आई तान्ह्यावर पदर धरते, तशी.

गाझातल्या खान युनिसच्या नासेर रुग्णालयाचा तो बाहेरचा जिना. उंचावरून दूरवरचं दिसायचं, इंटरनेट मिळायचं, म्हणून तुम्ही वार्ताहर तिथेच ठाण मांडून असायचात. २५ ऑगस्ट २०२५. रॉयटर्सवर तुझं थेट चित्रण चालू होतं. ते मध्येच तुटलं.

पुढचं तुला ठाऊक नाही. तुमच्यासाठी लोक धावले. बचाव पथकाची माणसं, कॅमेरे घेतलेले तुझे सोबती. जिना माणसांनी भरला आणि काही मिनिटांत त्याच जागी इस्रायलचा दुसरा मारा झाला. किमान वीस माणसं गेली, त्यांत तुझ्यासकट पाच पत्रकार. मरियम अबू दग्गा त्यातलीच. एपीसाठी काम करायची, वय ३३. बापाला स्वतःची किडनी दिलेली लेक. याच रुग्णालयात भुकेने खंगलेली पोरं वाचवायला झटणाऱ्या डॉक्टरांच्या बातम्या तिने पाठवल्या होत्या. दूर देशी पाठवलेल्या मुलासाठी तिने लिहून ठेवलं होतं, मोठा होऊन लग्न करशील, मुलगी होईल, तिचं नाव मरियम ठेव.

मग खुलासे आले. नेतान्याहूंनी दुर्दैवी अपघात म्हणून खेद व्यक्त केला. लष्कर म्हणालं, जिन्यावर हमासचा कॅमेरा होता. संशय का आला, तर म्हणे त्यावर कापड पांघरलेलं होतं! कॅमेरा रॉयटर्सचा आणि कापड तुझं, हे तुझ्याच संस्थेला चित्रफिती धुंडाळून दाखवून द्यावं लागलं.

मला इथे रोई इदानही आठवतो. इस्रायलच्या वायनेटचा छायाचित्रकार. ७ ऑक्टोबर २०२३च्या सकाळी आकाशातून उतरणारे हमासचे हल्लेखोर त्याने टिपले, आणि त्याच दिवशी कफार अझात तो मारला गेला. तुम्हा दोघांची नावं एका दमात घेतली की दोन्हीकडचे लोक रागावतात. रागावोत.

त्या ७ ऑक्टोबरपासून बाहेरच्या पत्रकाराला गाझाचं दार बंद झालं. जायचंच तर लष्कराच्या गाडीतून, लष्कर दाखवील तेवढं पाहून परत. म्हणजे जगाने जे पाहिलं ते तुम्ही दाखवलेलं, स्वतः उपाशी राहून, तंबू हलवत, घरची माणसं पुरत. वर पुन्हा तुमच्याकडेच पुरावा मागायचा, तुम्ही कुणाच्या बाजूचे म्हणून. अल जझीराच्या अनस अल-शरीफला तर हमासचाच ठरवून १० ऑगस्ट २०२५ला शिफा रुग्णालयाजवळच्या तंबूत मारलं. अल जझीराने आरोप साफ नाकारला होता.

आम्हाला आत सोडा म्हणून परदेशी पत्रकारांची संघटना इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. सरकार मुदत मागत राहिलं, न्यायालय देत राहिलं. हुसाम, तू गेलास तेव्हाही तारखाच चालू होत्या.