तळाचं भोक

इंग्लंडमध्ये ऑनसाइट असतानाची गोष्ट. शनिवारी भाजी आणायला म्हणून निघालो आणि वाटेत जुन्या लष्करी सामानाच्या बाजारात शिरलो. परत आलो तेव्हा हातात भाजीऐवजी जर्मन सुरुंग होता. टेलरमाइन ४२. रिकामा, अर्थातच! 'टेलर' म्हणजे जर्मनमध्ये ताटली, आणि दिसतोही तसाच. साधारण ३२ सेंटिमीटर व्यासाचा, झाकण लावलेल्या परातीसारखा. आत पूर्वी साडेपाच किलो टीएनटी असायचं.

विकणाऱ्या आजोबांनी आत टॉर्च मारून रिकामं पोट दाखवलं. आतलं दिसत नसेल तर घ्यायचा नाही, हा या छंदातला पहिला नियम. जमिनीतून उकरलेल्या मालाला तर हातच लावायचा नाही, मग तो फुकट का मिळेना.

घरी येऊन वाचत बसलो. हा सुरुंग रणगाड्यांसाठी. माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही, शंभर किलोंच्या वर दाब लागतो. अल अलामीनला १९४२ मध्ये रोमेलच्या सैन्याने साडेचार लाखांच्या आसपास सुरुंग पेरले होते, त्यातले बहुतेक रणगाडाविरोधी. ब्रिटिश हल्ल्याच्या पहिल्या टप्प्याचं नाव होतं 'लाइटफूट'. हलक्या पायाचं पायदळ वरून चालत पुढे जाणार, सॅपर्स रणगाड्यांसाठी वाट मोकळी करणार. म्हटलं, वा, काय डोकं आहे!

मग ताटली उलटी केली.

तळाला एक आटे पाडलेलं भोक. बाजूला अजून एक. यांचा रणगाड्याशी काहीच संबंध नाही. तिथे दुसरा फ्यूज बसवायचा, म्हणजे कुणी सुरुंग उचलायला गेलं की फुटणार. कारखान्यातूनच तशी सोय केलेली, गुडघे टेकून हातानं वाळू बाजूला करणाऱ्या माणसासाठी.

आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे प्रेमींद्रसिंग भगत आठवले. १९४१ मध्ये अ‍ॅबिसिनियात त्यांनी चार दिवसांत ५५ मैलांच्या रस्त्यावरची १५ सुरुंगक्षेत्रं शोधून साफ करून घेतली. दोनदा त्यांची गाडी उडाली, कानाचा पडदा फाटला. विश्रांती घ्या म्हटलं तर नकार, का तर आता हे काम मलाच जास्त चांगलं जमतं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खडकीवरून मी चार वर्षं बसने कॉलेजला गेलो, आणि हे कळलं कुठे, तर इंग्लंडात. असो.

रूममेट त्या ताटलीत किल्ल्या टाकायचा. त्या दिवसापासून मी ती उलटीच ठेवायला लागलो, त्याच्या किल्ल्या घरंगळायच्या आणि तो वैतागायचा.

भारतात परतताना ती विमानाने आणायचा प्रश्नच नव्हता. त्याच आजोबांना अर्ध्या किमतीत परत दिली. त्यांनी काही न विचारता ती सुलटी करून मांडून ठेवली.