चवदार पाणी, कडू पाणी

महाबळेश्वराहून कोकणात उतरायचे तर ते एस.टी.च्या खिडकीशी बसून, आंबेनळी घाटाने. वळणामागून वळण येते, प्रतापगड मागे पडतो, आणि पोटातली कालवाकालव थांबते न थांबते तोच पोलादपूर येते. त्याच डोंगरावरून आपल्याबरोबर सावित्री नदीही उतरलेली असते. तिला मात्र घाट लागत नाही. ती पुढे महाड, दासगाव करीत बाणकोटला समुद्रास मिळते.

पोलादपुरात उतरल्यावर मराठीच्या मास्तराने प्रथम कवींद्र परमानंदाच्या समाधीपाशी जावे, हा शिरस्ताच आहे. 'शिवभारत' लिहिणारा हा कवी येथे विसावला आहे. पलीकडे उमरठला तानाजीची समाधी. एवढ्याशा तालुक्यात एक लढणारा आणि एक लिहिणारा! पण या खेपेस माझ्या पिशवीत पुस्तक होते ते निराळेच. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली, पुरे छापून निघाले. त्यावर वर्गात बोलायचे होते, म्हणून मी जुना करार पुन्हा वाचायला घेतला होता आणि मोशेपाशी येऊन थबकलो होतो.

मोशेची कथा वाचकांना थोडीफार ठाऊक असेल. मिसरच्या फारोने इस्राएलांना गुलाम केले. त्यांचे मुलगे नदीत टाकण्याचा हुकूम सोडला. एक मूल वेताच्या पेटीतून नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवले गेले आणि फारोच्याच मुलीने ते उचलले. पुढे याच मुलाने आपल्या लोकांना समुद्रातून वाट काढून नेले. सीनाय पर्वतावर त्याला नियमशास्त्र मिळाले. यहुदी लोक त्याला राजा म्हणत नाहीत. 'मोशे रब्बेनू' म्हणतात. म्हणजे 'आमचा गुरुजी'! आम्हा मास्तरांना याचा उगीचच अभिमान वाटतो.

हे यहुदी काही आपल्याला परके नव्हेत. याच जिल्ह्याच्या किनारपट्टीवर बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवीत आले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मिसरातून सुटका झाली त्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची त्यांची 'हग्गादा' मराठी भाषांतरासह 1874 साली पुण्यात छापली गेली. गंमत अशी, की सुटकेच्या त्या पोथीत मोशेचे नाव जवळजवळ येतच नाही. श्रेय देवाचे, पुढाऱ्याने बाजूला उभे राहावे!

ख्रिस्ती परंपरेने मोशेला निराळ्या जागी बसवले. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूही क्रूर राजापासून वाचतो, मिसरातून परततो, डोंगरावर चढून शिकवण देतो. मोशेची छाया जागोजागी जाणवते. रूपांतराच्या डोंगरावर तर येशूशी बोलायला मोशे आणि एलिया हे दोघेच येतात. पौलाने ज्या खडकातून पाणी निघाले तो खडकच ख्रिस्त मानला.

या पाण्यापाशीच माझे मन घुटमळत होते. समुद्र ओलांडल्यावर तीन दिवस लोकांना पाणी मिळाले नाही. मग मारा या ठिकाणी मिळाले, ते कडू. लोक मोशेवर तुटून पडले. पुढे तर त्यांना मिसरातल्या काकड्या, खरबुजे, कांदे नि लसूण आठवू लागले. गुलामी गेली ती गेली, फोडणीही गेली! कोणत्याही घरातल्या गृहिणीला ही तक्रार समजेल.

पोलादपूरहून वीसेक किलोमीटरवर महाड. तेथे पाणी चवदार होते, पण ते काहींसाठीच. 1923 साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, 1924 साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, आणि कागद कागदाच्या जागी राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार असल्याची आवई उठली आणि मारहाण झाली. तळे पंचगव्याने 'शुद्ध' केले गेले. डिसेंबरात आंबेडकर 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदरात उतरले. 25 तारखेला मनुस्मृती जाळली गेली. परिषदेला जागा कोणी देईना, ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. तळ्याचा खटला उच्च न्यायालयात संपला 17 मार्च 1937 रोजी. दहा वर्षांना तीन दिवस कमी!

आंबेडकरांनी 1941 साली 'बॉम्बे सेंटिनेल' या मुंबईच्या वृत्तपत्रात मोशेवर लेख लिहिला. ज्यांच्यासाठी झिजायचे त्यांचीच कुरकूर सोसणारा पुढारी त्यांना जवळचा वाटला, त्याच्या कथेतून त्यांना धीर मिळाला. तुलना त्यांनी स्वतःच मनाशी केलेली; मी फक्त तिच्या मागे गेलो.

पण ती एका जागी अडते. मोशेचे लोक मिसर सोडून निघाले, मागचा समुद्र मिटला. महाडचे पाणी प्यालेल्यांना संध्याकाळी त्याच गावी, त्याच पाटलाच्या आळीवरून घरी जायचे होते, आणि कित्येकांना मार बसला तो गावी परतल्यावरच. येथे फारोही शेजारी आणि कनानही इथेच. कायद्याचेही उलटेच झाले. मोशेने डोंगरावरून एक नियमशास्त्र आणले. येथे आधी एक जाळावे लागले.

तळ्याच्या पायरीवर एक निवृत्त शिक्षक भेटले. जन्म महाडचाच. मी त्यांना नेबो डोंगराची गोष्ट सांगितली. मोशेने कनान देश डोंगरावरून पाहिला, पण पाऊल ठेवण्यापूर्वीच त्याचा अंत झाला. आंबेडकरही 14 ऑक्टोबर 1956 च्या धर्मांतरानंतर त्रेपन्न दिवसांत गेले. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले.

"आमचे वडील त्या वेळी सात वर्षांचे होते, सर. आजोबांच्या खांद्यावर बसून आले होते म्हणे. पाणी प्याले की नाही, ते त्यांना कधीच नीट आठवले नाही. पायऱ्या मात्र आठवायच्या." मग जरा थांबून म्हणाले, "वीस मार्चला या एकदा. पण गाडीचे आधी बघा. त्या दिवशी महाडला यायला उभे राहण्यापुरतीही जागा मिळत नाही."