मावळ्याचे डोळे

बेळगावात दिवाळी म्हणजे फराळाइतकाच किल्ला. गल्लीतली पोरं आठ-आठ दिवस माती कालवत असतात. गेल्या वर्षी माझ्या नातवानंही अंगणात किल्ला केला आणि न रंगवलेले मातीचे मावळे आणले. "आज्जी, तू रंगव की गं!" म्हणाला. कॉलेजात चित्रकलेची बक्षिसं मिळवलेली बाई मी, लगेच हो म्हटलं.

घरातली कामं आवरून रात्री जेवणाच्या टेबलावर बसले. वर पिवळा दिवा. मावळा जेमतेम अडीच इंचांचा, त्याचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. सकाळी अंगणात पाहिलं तर पांढरा अंगरखा म्हणून दिलेला रंग पिवळा निघालेला, आणि एकाचे डोळे तर एक वर, एक खाली. नातू काही बोलला नाही. त्यानं तो मावळा हळूच बुरुजाआड, पाठमोरा उभा केला. मला वाईट वाटू नये म्हणून! तेच मला जास्त लागलं.

खरं सांगायचं तर, नजर कमी झालीय हे मला कबूलच करायचं नव्हतं. सुईत दोरा ओवायला सुनेला हाक मारायची आणि वर म्हणायचं, "दोराच जाड आहे." त्या पाठमोऱ्या मावळ्यानं मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. चष्म्याचा नंबर वाढला होता.

मग भिंग घ्यायला गेले. जितकं मोठं दिसेल तितकं चांगलं, असा माझा हिशेब. १० डायऑप्टरचं आणलं. मावळ्याची मिशी दिसली, पण मिशीच दिसली, मावळा हरवला! शिवाय वस्तू भिंगापासून चार इंचांवर धरावी लागे. ब्रशचं टोक काचेवर आपटायचं. ते बदलून ३ डायऑप्टरचं, डोक्याला पट्ट्यानं बांधायचं घेतलं. त्यातून पावणेदोन पटच मोठं दिसतं, पण हात खेळायला फूटभर जागा राहते आणि अख्खा चेहरा एकदम नजरेत मावतो.

दिव्याचंही तसंच. खोक्यावर के या अक्षराआधी आकडा असतो. ३००० च्या आसपास पिवळा उजेड, ५००० च्या पुढे दिवसासारखा पांढरा. रंग खरे दिसायला सीआरआय ९० च्या वर हवा. मी उजव्या हातानं रंगवते, म्हणून दिवा डावीकडे ठेवला, नाहीतर हाताची सावली नेमकी चेहऱ्यावर पडते.

पहिल्याच संध्याकाळी त्या पांढऱ्या उजेडावर चिलटं आली. एक ओल्या रंगात चिकटलं. ब्रशच्या टोकानं सोडवायला गेले, पण वाचलं नाही. दिवस मावळायच्या आत जेवणारं आमचं घर. धान्य निवडायला सासूबाई नेहमी खिडकीत बसायच्या, "उजेडात बघून घे गं, जीव असतो त्यात," म्हणायच्या. त्यांचा उजेडाचा धडा मी मावळ्यांसाठी विसरले होते. तेव्हापासून उत्तरेच्या खिडकीत, सकाळी दहा ते चार. तिथे थेट ऊन येत नाही, उजेड सारखा राहतो. ढग आले तरच दिवा, तोही जाळी लावून. अर्ध्या तासानं भिंग काढायचं आणि समोरच्या नारळाकडे बघायचं. उठताना भिंगावर फडकं टाकायचं, कारण उघड्या भिंगावर ऊन पडलं तर खालचा कागद पेटू शकतो.

यंदा बारा मावळे रंगवले. पांढरा पांढराच राहिला, डोळे एका रेषेत आले. गेल्या वर्षीचा तो मावळा खोक्यात सापडला, तेव्हा म्हटलं, "आण, ह्याचे डोळे नीट करून देते."

नातवानं तो पाठीमागे लपवला. "नको आज्जी. हा पहारेकरी आहे. एका डोळ्यानं वर बघतो, एका डोळ्यानं खाली."

आणि त्यानं त्याला महादरवाजात उभं केलं, तोंड पुढे करून.