तीस-तीस

लिव्हर खाली ओढली की या रायफलीचं पोटच उघडतं. बोल्ट मागे सरकतो, जाता जाता घोडा चढवतो, रिकामी पुंगळी वरून उडते आणि नळीखालच्या नळकांड्यातलं पुढचं काडतूस वर येतं. लिव्हर मिटली की सगळं जागच्या जागी. जॉन ब्राउनिंगने हे गणित १८९४ मध्ये बसवलं. विंचेस्टर कंपनीने तशा सत्तर लाखांहून जास्त रायफली बनवल्या. त्यातली एक वाकोल्याच्या आमच्या घरात, पोलादी कपाटात कुलपाआड आहे. आजोबांनी ती गडहिंग्लजला, उसात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी घेतली होती. बोअर .३०-३०, म्हणून घरात तिचं नाव तीस-तीस.

मी तिचा एकही बार काढलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, ते बरंच झालं. दुकानात रायफलीची म्हणून मिळतात ती मुख्यतः .३१५ ची काडतुसं. ती हिला चालत नाहीत. मग ठेवायची कशाला, असं नातेवाईक विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढचा प्रश्न टाकतात: विकली तर किती येतील?

मला तिची अक्कल आवडते, आणि त्या अकलेला पडलेल्या मर्यादाही. नळकांड्यात काडतुसं एकामागे एक बसतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला, म्हणजे नेमकं टोपीला टेकलेलं. गोळी टोकदार असती तर धक्क्यासरशी आतच बार उडायचा. म्हणून तीस-तीसच्या गोळीचं नाक चपटं. पुढे ब्राउनिंगनेच १८९५ च्या रायफलीत नळकांडं काढून पेटी बसवली, आणि पहिल्या महायुद्धात झारच्या रशियाने तशा जवळजवळ तीन लाख रायफली विकत घेतल्या. एरवी सैन्यांनी लिव्हरला फारसं जवळ केलं नाही. पालथं पडून गोळ्या झाडणाऱ्या शिपायाची लिव्हर जमिनीला अडते, हे साधं कारण त्यातलं एक. तिचं खरं राज्य पडद्यावर. १९३९ च्या ‘स्टेजकोच’मध्ये जॉन वेन ती एका हातात गरकन फिरवतो, त्यासाठी लिव्हरची कडी मुद्दाम मोठी करून घेतली होती. गोळी ज्यांना लागते त्या मूळनिवासींकडे मात्र कॅमेरा धूळ उडण्यापुरताच वळतो.

वाकोल्यात राहून हत्याराचं कौतुक करताना जरा जपूनच बोलावं लागतं. २०१५ च्या मे महिन्यात इथल्याच पोलीस ठाण्याच्या आवारात एका सहायक उपनिरीक्षकाने आपल्या वरिष्ठ निरीक्षकांवर गोळी झाडली, मग स्वतःवर. दोघेही गेले. निवडणूक आली की हत्यार जमा करायला मी त्याच ठाण्यात जातो. परवान्याच्या कटकटीबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही, ती त्यामुळेच. २०१९ मध्ये एका परवान्यावरची हत्यारं तीनवरून दोनवर आली. माझ्या मते एकही पुष्कळ.

बाकी तिचा खरा शत्रू पावसाळा. कातडी म्यानात ठेवली तर कातडं ओल धरतं आणि निळसर पोलादावर तांबूस ठिपके उठतात. म्हणून म्यान वेगळं, रायफल वेगळी. गजाला चिंधी गुंडाळून नळीत तेल फिरवायचं, कुंद्याच्या अक्रोडी लाकडाला ते लागू द्यायचं नाही. खंडेनवमीला आई हळदकुंकू वाहते, फूल ठेवते, आणि तिची पाठ वळली की मी ओलं कुंकू पुसून घेतो. तिला ते ठाऊक आहे.

मुलीचं म्हणणं वेगळं. कायद्याने हत्यार निकामी करून घेता येतं, तर करून टाका. तुम्हाला लिव्हरचं चालणंच आवडतं ना? प्रश्न बिनतोड आहे. पण नुसती लिव्हर हलवत बसणं म्हणजे खेळणं झालं. आत काडतूस नाही ना, हे दर वेळी बोट घालून तपासतो, ते ती खरी आहे म्हणूनच. मुलीला हे पटत नाही, आणि तीही हट्टाची आहे. वाद चालू आहे. तूर्त परवान्याचं नूतनीकरण जवळ आलंय आणि पासपोर्ट साइझचे फोटो काढायचे राहिलेत.