गगनबावड्याची वाट

कोल्हापूरहून कोकणात उतरायला वाटा पुष्कळ आहेत. आंब्याचा घाट आहे, फोंड्याचा आहे, थोडे वळण घेऊन आंबोलीही आहे. पण ज्याला घाई नाही त्याने गगनबावड्याची वाट धरावी. रंकाळा मागे टाकला, बालिंग्याचा पूल ओलांडला, की शहराचा गलबला संपतो. मग कळे येते, साळवण येते, आणि कुंभीचे खोरे सोबतीला राहते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते, हे आपण भूगोलात पाठ केलेले असते. त्यांतली कुंभी कशी वाढते हे मात्र या पंचावन्न किलोमीटरांतच कळते. दोन्ही अंगांना ऊस, मधूनच भाताची खाचरे, आणि पुढे जावे तसतसे डोंगर जवळ येतात.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी या वाटेने निघालो तो धाकट्या भावाच्या मोटारसायकलीवर, त्याच्या मागे बसून. गाडी तशी साधीच. ज्या कारखान्याची, त्याच्या यादीत ती अगदी खालच्या पायरीवर होती, आणि तो नमुना आता निघतही नाही. पण तिला साखळी नाही, पट्टा आहे. आमच्या लहानपणी मोटारसायकलीला ‘फटफटी’ म्हणत. शब्द कसा आवाजातूनच जन्मला! आता ही फटफटी कळ्याच्या पुढे चिमणीसारखी चिवचिवू लागली. रस्त्याचे काम निघाले होते, पिठासारखी माती उडत होती, आणि तिच्यातून बाहेर पडल्यावर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ‘चीं, चीं’ असा आवाज येऊ लागला.

“दादा, पट्टा बोलतोय,” भाऊ म्हणाला, आणि त्याने गाडी थांबवली.

वाचकांना वाटेल, चिवचिवाटाला एवढे काय भ्यायचे? पण आम्हाला भुईबावड्याला मावशीकडे पोचायचे होते, म्हणजे पुढे घाट होता. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये घालून इंजिनाकडूनच अडवून धरायची असते. इंजिन आणि मागचे चाक यांना जोडणारा दुवा एकच, हा पट्टा. तो तुटला तर इंजिन एकीकडे आणि चाक दुसरीकडे. मग सगळी भिस्त ब्रेकवर. शिवाय असा पट्टा बावड्याच्या कुठल्या दुकानात मिळणार? दिवस कलत होता. पुढे जायचे की मागे फिरायचे, हे त्या आवाजाचे कारण कळल्याशिवाय ठरणार नव्हते.

थांबलो होतो ती जागा एका गुऱ्हाळाजवळची. चुलवाण धडधडत होते, काहिलीतल्या रसाचा वास सुटला होता, आणि चरक फिरवणारा लांब सपाट पट्टा सपासप आवाज करत होता. म्हातारे गुळवे बाहेर आले.

“पाव्हणं, पट्टा वराडतोय व्हय? राळ देऊ का? आमी तेच लावतो. घसरायचा थांबतोय बघा.”

त्यांचे म्हणणे त्यांच्या पट्ट्यापुरते सोळा आणे खरे होते. सपाट पट्टा नुसत्या घर्षणावर चालतो. राळेने त्याला पकड येते. अगदी पहिल्या मोटारसायकलींनाही असाच चामड्याचा पट्टा असे. पावसात तो घसरे, म्हणून साखळीने त्याला हटवले. पुढे 1965 साली अमेरिकेत डु पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक या विदुषीने एक विलक्षण चिवट धागा शोधला. तोच केव्हलर. अशा धाग्यांच्या बळावर 1980 च्या सुमारास पट्टा मोटारसायकलीवर परत आला, पण येताना दात घेऊन आला. हे दात चक्राच्या खाचांत बसतात. त्याला राळही नको आणि तेलही नको. तेलाने उलट धूळ चिकटते आणि रबर खराब होते.

भावाने नम्रपणे राळ नाकारली आणि बादलीभर पाणी मागितले. आधी पट्टा निवू दिला. मग चाक हाताने हळूहळू फिरवून एकेक दात पाहिला: कुठे तडा आहे का, दात गळला आहे का, कडेला खड्याने फाडले आहे का. कडेची जखम वाईट. तिथून पट्टा तुटतो. तसे काही नव्हते. मग साबणाच्या फेसाळ पाण्याने पट्टा आणि दोन्ही चक्रे धुतली. शेवटी ताण पाहिला. पट्ट्याच्या मध्यावर साधारण साडेचार किलोंचा जोर दिला तर तो किती हलावा, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यासाठीचा लहानसा काटा भावाच्या पिशवीत होता. फार सैल पट्टा दात चुकवतो, फार ताणलेला किंकाळतो आणि बेअरिंग खातो. मागचे चाक किंचित तिरके बसले, तरी पट्टा एका कडेला घासून कुरकुरतो. इथे ताण बरोबर होता, चाकही सरळ होते. दोष होता तो केवळ धुळीचा.

गाडी सुरू केली. चिमणी उडून गेली होती.

गुळवे सगळे निरखून पाहत होते. म्हणाले, “म्हंजे आमच्या पट्ट्याला चिकाटी लागती, तुमच्याला दात हाईत. दात असल्यावर राळ कशाला?” यंत्रशास्त्राचा एक धडा इतक्या थोडक्या शब्दांत मी कुठे वाचला नव्हता. त्यांनी द्रोणात काकवी दिली, पैसे घेतले नाहीत.

गगनबावड्याला पोचलो तेव्हा गगनगडावर शेवटचे ऊन होते. इथून दोन घाट फुटतात: करूळचा वैभववाडीकडे जातो, भुईबावड्याचा खारेपाटणच्या बाजूला. सह्याद्रीची कड एकदम तुटते आणि खाली कोकण निळ्या धुक्यात पसरलेले दिसते. भावाने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली. वळणामागून वळण येत गेले. पट्टा मुकाट्याने आपले काम करीत होता, आणि खाली भुईबावड्यात एकेक दिवा लागत होता.