पाण्याखालचे प्रकरण

भाटघरला आम्ही राहायला गेलो ते पुस्तक लिहिण्यासाठी, असे सर्वांना सांगितले. खरे म्हणजे लिहून होत नाही याची लाज लपवायला गेलो. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणारे. विषय घेतला होता धरणाकाठच्या गावांतील जात्यावरच्या ओव्या. मुदत दोनदा टळली होती आणि भेटेल तो "पुस्तक कुठवर आलं?" असे विचारी. धरणाकाठी खोली घेतली की लेखन आपोआप वाहू लागेल, अशी आमची भाबडी समजूत.

ही समजूत धरणानेच पक्की केली. वेळवंडी नदीवरील हे धरण १९२८ सालचे, साठा सुमारे साडेतेवीस टीएमसी. त्याला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला चढले की ते माणसाचा हात न लागता उघडतात. ते दृश्य पाहून आम्हांस वाटले, प्रतिभेचेही असेच असावे. साचू द्यावे, वेळ आली की दार उघडेल. त्या भरवशावर पावसाळाभर नुसती टिपणे काढली, परिच्छेद एकही नाही.

कालव्यावर आयुष्य घालवलेल्या एका गृहस्थांना हे मोठ्या हौसेने सांगितले, तेव्हा ते हसले. "दारातून जातं ते जास्तीचं पाणी, मास्तर. शेताला जातं ते आवर्तनाचं. ते मोजून सोडावं लागतं."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोज दोन पाने लिहू लागलो. भांडणे झाली (सहलेखन हा संसाराहून अवघड प्रकार आहे), तरी पाने होत गेली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचे उदाहरण एकमेकांना सांगून धीर देत असू. 'व्यवहारमयूखा'च्या प्रस्तावनेसाठी सुरू झालेल्या कामातून त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास उभा राहिला. पहिला खंड १९३० साली निघाला, पाचवा पुरा झाला १९६२ साली. तेव्हा काणे ऐंशी ओलांडलेले होते. वकिली सांभाळून, अल्सरचे दुखणे सोसून त्यांनी हे केले. आम्ही फक्त त्यांची चिकाटी पाहत होतो.

मे महिन्यात पाणी आटले आणि कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडले. वर्षाचे बहुतेक महिने ते जलाशयाच्या पोटात असते. तिथे ऐंशीच्या घरातल्या एक आजी भेटल्या. आमचे तयार प्रकरण, साठ पानांचे, असे सांगत होते की या भागातील ओव्यांत बुडालेल्या गावांचा विलाप आहे. आम्ही आजींना त्यांच्या सासूकडून आलेल्या, आम्हीच नोंदवलेल्या काही ओव्या वाचून दाखवल्या आणि पाण्याच्या उल्लेखांचा अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, "अगं, हे धरणाचं न्हाई. भाऊ न्यायला येतोय, मधी नदी हाय, त्याचं हाय."

परतताना आम्ही बोललो नाही. साठ पाने नियमाने, निष्ठेने लिहिली होती आणि ती चुकीची होती. आम्हांला विस्थापन हवे होते, म्हणून प्रत्येक नदीत आम्ही धरण पाहिले. रोजच्या दोन पानांनी ऐकणेच बंद केले होते. काण्यांकडे पुन्हा पाहिले ते तेव्हा. प्रस्तावनेचा आराखडा विषयाला पुरेना, तेव्हा त्यांनी तो मोडला होता.

ते प्रकरण आम्ही काढून टाकले. आमच्यातल्या एकीला ते आजही जड जाते, कारण त्यातील गद्य चांगले होते. दोन पानांचा नेम मात्र सोडला नाही. आता त्यातले एक पान ऐकलेले उतरवण्यासाठी असते, आणि त्यावर अर्थ लावायचा नाही असे ठरले आहे.

पुढच्या मे महिन्यात नवा खर्डा घेऊन आम्ही गेलो. मंदिर वर आले होते. आजी फाल्गुनातच गेल्या होत्या. सुनेने ओसरीवर बसवून घेतले, चहा दिला आणि विचारले, "त्यांचं नाव येणार का पुस्तकात?" आम्ही हो म्हणालो. पुस्तक अजून व्हायचे आहे.