उसवण्यापासून सुरुवात

तामसीत माझ्याकडे शिवण शिकायला येणारी मुलगी पहिल्या दिवशी कात्री मागते. मी तिच्या हाती घरातला एखादा विटका शर्ट देते आणि सांगते, आधी हा उसव. एकेक टाका, कापडाला ओरखडा न पाडता. शर्ट पूर्ण सुटा झाला की मुंढा, बाही, कॉलर कशी बेतली होती ते समोर दिसतं. शिवणीच्या आतल्या मायेत कापडाचा मूळ रंग सापडतो. आणि मुख्य म्हणजे कापड कुठे विरलंय आणि कुठे अजून दमदार आहे, ते बोटांना कळतं. जुन्यातून नवं शिवायचं म्हणजे आधी ही पारख हवी. नवं कापड सगळीकडे सारखंच असतं, तिथे माप चुकलं नाही म्हणजे झालं.

आमचं गाव तेलंगणात, पण मुलूख कापसाचा आणि बोली मराठी. 1956 साली भाषावार राज्यं झाली तेव्हा किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, तामसी इकडेच राहिली. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ. त्यामुळे मशीनपुढे मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा अशी सगळी गिऱ्हाइकं बसतात. दिवाळीच्या सुमाराला वेचणी जोरात असते आणि तेव्हा माझ्याकडे नव्या ब्लाउजांइतकेच जुने शर्ट येतात. वेचणीला जाणारी बाई लुगड्यावर नवऱ्याचा किंवा मुलाचा लांब बाह्यांचा शर्ट चढवते, कारण बोंडाची वाळलेली टोकं हात ओरबाडून काढतात. त्या शर्टाला मी मनगटाशी इलॅस्टिक घालते, खांद्याची शिवण आत घेते आणि विरलेल्या कोपराला आतून दुसऱ्या जुन्या शर्टाचा तुकडा लावते. लोकांच्या लेखी ते फाटकं, माझ्या लेखी तो कामाचा पोशाख.

प्रत्येक कपड्याची झिजण्याची जागा ठरलेली असते. शर्ट कॉलरच्या घडीवर, कफवर आणि कोपरावर जातो, पाठ मात्र शाबूत राहते. पँट गुडघ्यावर आणि बैठकीवर विरते, पोटरीचं कापड टिकतं. साडीचा पायाशी घासणारा काठ जातो, कमरेला आत खोचलेला भाग वर्षानुवर्षं कोरा राहतो. नऊवारी काष्ट्यापाशी विरते, पदर धड असतो. एवढं डोक्यात पक्कं बसलं की जुना कपडा हातात घेताच त्यातून काय निघेल ते दिसायला लागतं.

वडिलांच्या शर्टातून चार वर्षांच्या मुलीचा फ्रॉक निघतो, तो असा. शर्टाची बटणं लावून तो उलटा पसरायचा. बटणपट्टी फ्रॉकच्या पाठीवर घ्यायची, म्हणजे काजं नव्याने करावी लागत नाहीत. शर्टाची धड पाठ फ्रॉकचा पुढचा भाग होते. खालचा दुमडलेला काठ तसाच ठेवायचा, तुरपाईचं काम वाचतं. बाह्यांच्या वरच्या, न झिजलेल्या भागातून छोट्या फुग्याच्या बाह्या होतात. गळ्याला पट्टी लावायची ती उरेब कापलेली, म्हणजे गोलाईवर नीट बसते. बाजूच्या शिवणीत बोटभर माया सोडायची, मुलगी वाढली की फ्रॉकही वाढवता येतो. आजकालच्या तयार कपड्यांत ही माया नसतेच, शिवण उसवली की कापड संपतं.

विरलेल्या कापडाचे नियम वेगळे. सुई बारीक हवी, 11 नंबरची पुरते. टाका लांब ठेवायचा, कारण बारीक टाक्यांनी जुनं कापड ओळीने भोकं पडून तिथेच फाटतं. दोरा सुती घ्यायचा, पॉलिएस्टरचा चिवट दोरा जुन्या सुती कापडाला कापत जातो. जुन्या कपड्याला नवं अस्तर लावायचं तर ते आधी भिजवून वाळवायचं. जुनं कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं, नवं मात्र पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळा कपडा ओढून धरतं.

कपडा शिवणीच्याही पलीकडे गेला की गोधडीत जातो. तेलुगू शेजारणी तिला बोंत म्हणतात, कर्नाटकात कौदी, बंगालात कांथा, आणि सगळीकडे काम धावदोऱ्याचंच. तान्ह्या बाळाला पहिली झबली-दुपटी जुन्या धोतराची करायची आपली रीत याच शहाणपणाची, शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं सूत कोवळ्या कातडीला टोचत नाही. गाडगेबाबा चिंध्या जोडलेले कपडे घालून फिरले आणि लोकांनी त्यांना देवासारखं मानलं, पण पोराच्या चड्डीला ठिगळ लावायची आपल्याला लाज वाटते. महायुद्धात कापडाला रेशन लागलं तेव्हा इंग्लंडच्या सरकारने 1943 साली जुने कपडे दुरुस्त करून वापरायची पुस्तिकाच काढली होती. तिकडे ते देशकार्य होतं.

आता अडचण वेगळीच आहे. कापसाच्या या जिल्ह्यात अंगावर मात्र पॉलिएस्टर वाढलंय. तेलंगण सरकारने 2017 पासून काही वर्षं बतुकम्मा सणाला सिरसिल्लाच्या मागांवरच्या साड्या वाटल्या, त्याही बहुतेक पॉलिएस्टरच्या. विणकरांना काम मिळालं, बायकांना साडी मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण कापूस हवेतली ओल आपल्या वजनाच्या आठेक टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून त्याचं दुपटं होत नाही, पुसायचं फडकं होत नाही आणि त्याची गोधडी अंगावरून घसरते. अशा साड्यांचे मी पडदे, पिशव्या आणि परकराच्या झालरी करते. शंका आली तर काठाचा एक धागा चिमट्यात धरून पेटवून बघावा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

यंदा दिवाळीची आवराआवर करताना सगळंच गाठोडं बोहारणीच्या पाटीत टाकू नका. सुती कपडे बाजूला काढा, उजेडासमोर धरून बघा, बटणं आणि चेन काढून डब्यात ठेवा. आणि नवी खरेदी करताना किमतीच्या चिठ्ठीआधी आतली शिवण उलटून पाहा. मायाच नसेल, तर तो कपडा एकाच अंगाचा आहे असं समजा.